एका शून्याचा फरक



मागच्या अंकात वाळवणाच्या पापडांबद्दल लिहिलं होतं, त्यावर खूप पत्रं आली. पण त्या गठ्ठ्यात एक पत्र निराळंच निघालं. चार पानांचं, आणि सोबत दुकानदारांच्या दोन चिठ्ठ्या टाचणीने जोडलेल्या. पत्र आहे वालूरचं. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं, चक्राकार बारवेचं वालूर. लिहिणाऱ्या ताई घरी शिवणकाम करतात. ब्लाउज, फॉल-पिको, सणासुदीला मुलींचे परकर-पोलके. त्या कमाईतून तीन वर्षांत त्यांनी ४५ हजार रुपये बाजूला टाकले. थोरली मुलगी यंदा बारावी होऊन बीसीएला गेली आहे, तिला घरी संगणक घ्यायचा आहे.

आता अडचण ऐका. पहिल्या दुकानाची चिठ्ठी म्हणते: ‘आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, नवा बोर्ड, मॉनिटरसह २४ हजार.’ दुसऱ्या दुकानाची म्हणते: ‘आय-थ्री, ८ जीबी रॅम, मॉनिटरसह ४३ हजार.’ ताई लिहितात, “आमचे हे म्हणतात, तीनपेक्षा सात मोठे, आठपेक्षा सोळा मोठे, आणि पैसे जवळजवळ निम्मे. मग विचार कसला करतेस? भावजी तर म्हणतात, वहिनी, उरलेल्या पैशात फ्रीज येईल. मुलगी मात्र ४३ हजारांच्याच चिठ्ठीवर अडून बसली आहे. का, ते तिला नीट सांगता येत नाही. कॉलेजातली मैत्रीण तसं म्हणाली, एवढंच. पैसे माझे आहेत, पण चूक झाली तर बोल मलाच लागणार. तुम्ही सांगा.”

सांगते. लेकीचं म्हणणं खरं आहे. आणि ते का खरं, हे घरात चारचौघांसमोर तुम्हाला ठणकावून सांगता यावं म्हणून आजचं सगळं सदर ह्याच प्रश्नाला दिलं आहे.

आपल्यापैकी कितीतरी जणींनी एमएस-सीआयटी केलं आहे. २००१ साली तो अभ्यासक्रम सुरू झाला आणि गावोगावच्या सुना-लेकींचा माउस हातात धरण्याचा धाक गेला. पण पेटीच्या आत काय असतं, ते तिथे फारसं कुणी उघडून दाखवलं नाही. म्हणून आधी दोन ओळी त्याबद्दल. पेटीत एक मोठी, ताटाएवढी पाटी असते. तिला मदरबोर्ड म्हणतात, दुकानात नुसतं ‘बोर्ड’. बाकीचे सगळे भाग तिच्यात खोचलेले असतात. हे घराचं जोतं समजा. प्रोसेसर म्हणजे काम करणारी बाई. हार्डडिस्क किंवा एसएसडी म्हणजे फडताळ, तिथे वस्तू कायमच्या राहतात. आणि मेमरी, म्हणजे रॅम, ही ओट्यावरची मोकळी जागा. परात, पोळपाट, कुकर, चिरलेली भाजी एकाच वेळी मांडायची तर ओटा लांब हवा. ओटा आखूड असला की एक खाली ठेवा, दुसरं वर घ्या, ह्यातच वेळ जातो. संगणक ‘हळू चालतो’ म्हणून आपण कुरकुरतो, तेव्हा पुष्कळदा हेच चाललेलं असतं.

फडताळ मागाहून बदलता येतं, ओटाही वाढवता येतो. जोतं बदलायचं म्हणजे मात्र घरच पाडायचं. म्हणून ताई, ‘आय-सेव्हन’ बाजूला ठेवा आणि दोन्ही दुकानदारांना एकच प्रश्न विचारा: बोर्डाचं नाव काय?

तुमच्या पहिल्या चिठ्ठीवर ते लिहिलेलं आहे. अगदी बारीक अक्षरात, कोपऱ्यात: एच६१. दुसऱ्या चिठ्ठीवर आहे एच६१०. आता पाहा, एका शून्याचा तर फरक! पण एच६१ हा इंटेलचा २०११ सालचा माल आणि एच६१० हा २०२२ सालचा. त्या एका शून्यात अकरा वर्षं बसली आहेत. मोबाइलच्या दुनियेत अकरा वर्षं म्हणजे पणजीचा काळ.

दुकानदार ‘नवा बोर्ड’ म्हणतो ते खोटं नाही, हे लक्षात घ्या. एच६१ जातीचे बोर्ड आजही नव्याने बनवून, नव्या खोक्यात घालून विकले जातात. पण त्यावर बसणारे प्रोसेसर बनणं केव्हाच थांबलं आहे. ते येतात कुठल्या तरी कचेरीने मोडीत काढलेल्या संगणकांतून. म्हणजे जोतं नव्या विटांचं पण नकाशा जुना, आणि त्यावर काम करायला बसवलेली बाई पेन्शनीत निघालेली.

प्रोसेसरचं वय ओळखायची खूण सोपी आहे. नुसतं आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ऐकून समाधान मानू नका, पुढचा आकडा मागा. तुमच्या पहिल्या चिठ्ठीत ३७७० आहे. शेवटचे तीन आकडे झाकले की उरतो ३. म्हणजे तिसरी पिढी, साल २०१२. दुसऱ्या चिठ्ठीत १२१०० आहे. शेवटचे तीन झाकले की १२. बारावी पिढी, साल २०२२. दोघांनाही कामाला चारच हात आहेत (त्याला कोअर म्हणतात), पण बारावीतल्या आय-थ्रीचे हात तिसरीतल्या आय-सेव्हनपेक्षा कितीतरी झपझप चालतात. तुमच्या ह्यांना एवढंच सांगा की सात आणि तीन हे एकाच वर्षीच्या मालात लहान-मोठं ठरवायचे आकडे आहेत. २०१२ चा सात आणि २०२२ चा तीन एका तागडीत घालता येत नाहीत. (२०२३ च्या अखेरीपासून इंटेलने ‘अल्ट्रा’ वगैरे नवी नावं काढली आहेत, त्यांची आकडेमोड निराळी. तिथे सरळ बाजारात आल्याचं साल विचारावं.)

आता तुम्ही म्हणाल, जुना तर जुना, चालतोय ना? चालतो. पण मुलीचं शिक्षण तीन वर्षांचं आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, शिवाय बोर्डावर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. एच६१ मध्ये ह्यातलं काहीच बसत नाही. दुकानदार म्हणेल, “काकू, मी घालून देतो की विंडोज ११!” देईलही. आडवाटेने घालता येतं. पण मायक्रोसॉफ्ट अशा यंत्राला आपलं मानत नाही, आणि पुढच्या दुरुस्त्या मिळत राहतील ह्याची हमी देत नाही. त्या संगणकावर उद्या तुमच्या बँकेचं काम व्हायचं आहे, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे.

दुसरं, त्या चिठ्ठीतले १६ जीबी. एच६१ वर मेमरी खोचायला दोनच खाचा असतात आणि एका खाचेत ८ जीबीच्या वर चालत नाही. म्हणजे १६ ही त्याची सुरुवात नसून शेवट आहे. घर पहिल्या दिवशीच भरलं, पुढे खोली काढायला जागा नाही. त्यातून ती मेमरी डीडीआर३ जातीची. उद्या बोर्ड बिघडला आणि नव्या जातीचा घेतला, तर ह्या १६ जीबीचा काडीचा उपयोग नाही, कारण डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ ह्या तिन्हींच्या पट्ट्यांवरची खाच वेगवेगळ्या जागी असते. एकीची दुसरीत बसत नाही, आणि बसवू पाहूही नये.

एच६१० वर खाचा बहुधा दोनच असतात. पण तुमच्या दुसऱ्या चिठ्ठीत ८ जीबीची एकच पट्टी आहे, दुसरी खाच मोकळी. ही मोकळी खाच मला त्या चिठ्ठीत सगळ्यात आवडली!

कारण सध्या मेमरीचे भाव विचारू नका. २०२५ च्या उत्तरार्धात ते चढायला लागले आणि वर्ष संपेतो दुप्पट-तिप्पट झाले. कांद्याचा भाव चढतो तेव्हा निदान पाऊस, साठेबाजी असं काही कानावर येतं. इथे कारण असं की जगात मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मुख्यतः तीन. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी, त्या एआयसाठी, जी मोठमोठी केंद्रं उभी राहत आहेत त्यांना मेमरी डोंगराएवढी लागते आणि ती केंद्रं पैसा मोजतात. मग कारखाने त्यांचा माल आधी काढतात. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की ‘क्रुशिअल’ ह्या नावाने घरगुती गिऱ्हाइकांना होणारी आपली विक्री आता बंद. कुठे अमेरिकेतली यंत्रघरं आणि कुठे वालूरच्या शिलाईच्या पैशांना पडलेली कात्री! तुमच्या दोन चिठ्ठ्यांमध्ये एवढी तफावत दिसते त्यालाही हे एक कारण आहे. जुनी डीडीआर३ मोडीतून येते, नवी मेमरी चढ्या भावाने. म्हणून भावाचे आकडे मी मुद्दामच देत नाही. अंक तुमच्या हाती पडेपर्यंत ते बदललेले असतील. मागल्या वर्षी शेजारणीने केवढ्याला घेतली, हेही विसरा.

भाव उतरेपर्यंत थांबू का, असं मनात येईल. मुलीचं वर्ष थांबत नाही, तेव्हा थांबू नका. आज ८ जीबी घ्या. विंडोज ११ आणि बीसीएच्या पहिल्या वर्षाचं काम त्यात भागेल. एकाच वेळी दहा-दहा पानं उघडून ठेवायची सवय मात्र तिला आवरावी लागेल. पुढच्या दिवाळीला किंवा भाव जरा नरमला की मोकळ्या खाचेत तशीच दुसरी ८ जीबीची पट्टी घालायची. ह्यात नुसती जागा वाढते असं नाही. दोन सारख्या पट्ट्या असल्या की बोर्ड दोन वाटांनी माल आणतो-नेतो, आणि वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या संगणकाला त्याचा फायदा चांगलाच जाणवतो. म्हणून आजच पट्टीवरचं लेबल वहीत उतरवून ठेवा: कंपनी, ८ जीबी, डीडीआर४, ३२००. पुढे जोडी जमवताना मॅचिंग ब्लाउजपीस शोधायची पाळी यायची नाही.

ज्यांना आजच १६ जीबी परवडतं त्यांनी काय करावं? बोर्डाला चार खाचा असतील तर ८ आणि ८ घ्यावेत. दोनच असतील आणि पुढे वाढवायचं मनात असेल तर १६ ची एकच पट्टी घेऊन एक खाच राखावी, असं माझं मत. काही जाणकार ह्यावर नाक मुरडतील, कारण तोवर वेग थोडा कमी मिळतो. पण भरलेल्या खाचेतली चांगली पट्टी काढून पडत्या भावात विकणं मला तरी जिवावर येतं.

एच६१० चे बोर्ड डीडीआर४ चेही येतात आणि डीडीआर५ चेही. नावाच्या शेवटी पुष्कळदा इंग्रजीत ‘डी४’ असतं, ते डीडीआर४ चं. पण सगळ्याच कंपन्या तसं लिहीत नाहीत, म्हणून खोक्यावर वाचा. डीडीआर५ नव्या चालीची. डीडीआर४ चं उत्पादन कमी करत न्यायचं धोरण कंपन्यांनी २०२५ सालीच घेतलं आहे, तेव्हा दुसरी पट्टी घ्यायला चार-पाच वर्षं लावू नका. पैसा थोडा सैल असता तर मी डीडीआर५ सांगितलं असतं. ४५ हजारांत, यूपीएससकट बसवायचं तर डीडीआर४ घेण्यात काही कमीपणा नाही.

इंटेलशिवाय एएमडीचाही माल चांगला असतो. त्यांच्या एएम५ ह्या २०२२ मध्ये आलेल्या बैठकीवर २०२७ पर्यंत आणि पुढेही नवे प्रोसेसर देत राहू, असं कंपनीने जाहीर केलं आहे. जोत्याचा विचार करता ही मोठीच गोष्ट. पण त्यावर डीडीआर५ च चालते, म्हणून तुमच्या हिशेबात ते बसवणं अवघड दिसतं. ज्यांचं बजेट ६०-६५ हजारांचं आहे त्यांनी मात्र दुकानात हे नाव जरूर काढावं.

एक खाचखळगा राहिला. प्रोसेसरच्या आकड्यापुढे इंग्रजी ‘एफ’ आहे का ते पाहा. १२१०० आणि १२१००एफ असे दोन प्रकार आहेत. एफवाला थोडा स्वस्त पडतो, पण त्याच्यात पडद्यावर चित्र उमटवायची सोयच नसते. वेगळं ग्राफिक कार्ड घातलं नाही तर मॉनिटर काळाच राहणार. तुमच्या चिठ्ठीत एफ नाही. तरी आणताना खोक्यावर वाचूनच आणा.

आणि बिल. ह्याबद्दल मी पोळलेली आहे, म्हणून जरा जास्त लिहिते. २०१३ साली आम्ही संगणक घेतला, त्या बिलावर दुकानदाराने लिहिलं होतं ‘संगणक संच – १ नग’. बस्स. दीड वर्षाने बोर्ड गेला. तीन वर्षांची वॉरंटी आहे हे मला तोंडी सांगितलेलं होतं, पण कागदावर ना कंपनीचं नाव ना क्रमांक. दुकानदार म्हणाला, हा बोर्ड माझ्याकडचाच कशावरून? मी काय बोलणार? पुन्हा पैसे मोजले. तेव्हापासून मी सांगत असते, बिल पक्कं घ्या. जीएसटी १८ टक्के लागतो तो लागू दे. बोर्डाचं पूर्ण नाव, प्रोसेसरचा पूर्ण आकडा, मेमरीची कंपनी आणि प्रत्येकाचा सिरियल नंबर वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या. बोर्डाला आपल्याकडे बहुधा तीन वर्षांची वॉरंटी असते. मेमरीवर ‘लाइफटाइम’ लिहिलेलं असलं तर ते कुणाचं लाइफ, हेही विचारा! बोर्ड बिघडला तर कंपनीकडे दुकानदार पाठवणार की तुम्ही कुरियर करायचा, हे पैसे देण्याआधी ठरवा. शंभर-दोनशे रुपयांच्या फरकासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत धाव घेण्यापेक्षा सेलू-परभणीचा खात्रीचा माणूस बरा, तो ह्याचसाठी. दुकानदाराने दाद दिलीच नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि ताई, बिल तुमच्या स्वतःच्या नावावर करून घ्या. पैसे कुणाचे, हे पुढे घरात कुणाला आठवलं नाही तर कागद आठवण करून देईल.

संगणक घरी आणण्याआधी दुकानातच चालू करायला लावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या की एक खिडकी उघडते. तिच्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘मेमरी’ निवडा. किती जीबी, किती वेग आणि दोनांपैकी किती खाचा भरल्या, सगळं तिथे लिहून येतं. बोर्डाचं नाव पाहायचं तर विंडोजच्या खुणेची कळ धरून आर दाबा आणि येईल त्या चौकटीत इंग्रजीत एमएसइन्फो३२ लिहा. हे काम मुलीला करू द्या. गल्ल्यावरचा माणूस तिच्याशी जरा जपून बोलायला लागतो की नाही पाहा.

आता घरातलं. वालूरकडे उन्हाळा कडक आणि वीज लहरी. ४५ हजारांतले उरलेले दोन हजार फ्रीजसाठी साठवू नका, त्यात थोडी भर घालून यूपीएस घ्या. ज्या बोर्डाच्या खटक्याला संगणक लावाल त्याचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. शिलाई यंत्राची मोटर आणि इस्त्री त्या यूपीएसवर कधीही लावायची नाही. पेटी कूलरच्या ओल्या वाऱ्यासमोर ठेवू नका, आणि तुमच्या शिवणाच्या कोपऱ्यातही नको. कापडाचा भुसा पंख्यात जाऊन बसतो.

दुसरी पट्टी घालायची वेळ येईल तेव्हा माणूस बोलवायची गरज नाही. संगणक बंद, प्लग काढलेला, हात आधी पेटीच्या पत्र्याला लावून घ्यायचा, खाचेला खाच जुळवायची आणि ‘खट्’ आवाज येईतो दोन्ही टोकांना सारखं दाबायचं. बॉबिन केस बसवणारीला हे अवघड नाही. कधी संगणक सुरूच होईना, नुसता पीं-पीं करू लागला, तर हीच पट्टी काढून तिची सोनेरी कड साध्या खोडरबराने हलकेच पुसावी, चुरा झटकावा आणि परत बसवावी. पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

आणि दोन-चार वर्षांनी रोज सकाळी घड्याळ चुकीचं दिसू लागलं, बँकेचं पान ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडू लागलं, तर घाबरून संगणक दुकानात नेऊ नका. बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२ नावाचा. तो संपलेला असतो. घड्याळजीकडे मिळतो.

वाळवणाची राहिलेली पत्रं पुढच्या अंकी.